ग्रामसभेला माणसं यावीत म्हणून तुमच्या गावात काय करता?

तीन_नंबर_वॉर्ड

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की उद्या पारावर मोबाइल फिरेल. मतदार १,३८०. माझी जागा महिला राखीव. खरं सांगायचं तर फॉर्म भरताना मला कुणी विचारलंही नव्हतं. दीर म्हणाले, "वहिनी, आधार कार्ड द्या," मी दिलं. मालक मुंबईला माथाडीत, यात्रेला नि गणपतीला येतात. निवडून आल्यावर मात्र वाटलं, आता आहोतच तर नीट करू.

२६ जानेवारीची ग्रामसभा सांगते. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली आणि शाळेच्या पटांगणातून माणसं पांगली ती पांगलीच. दहाची सभा अकराला सुरू झाली, मारुतीच्या सभामंडपात. खुर्च्या पाच. त्यावर सरपंच, उपसरपंच, भाऊसाहेब (आता ग्रामसेवक नाही, ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे, पण तोंडात भाऊसाहेबच बसलंय) आणि दोन मोकळ्या. सतरंजीवर मी मोजली, एकोणीस माणसं. बायका चार: मी, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, आणि एक आजी. त्या देवाला आल्या होत्या, सावली बघून टेकल्या.

सव्वाअकराला आमच्या वॉर्डाचं पाणी सुटलं. चौथ्या दिवशी येतं, पाऊण तास. आशाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि त्या उठल्या. मीही उठले असते, पण सदस्य पडले ना! घरी पोरीला फोन लावला, "हंडे लाव आधी, बादल्या नंतर."

विषय सात होते, वीस मिनिटांत उरकले. भाऊसाहेब वाचायचे, "मंजूर?" म्हणायचे, मागनं कुणीतरी "मंजूर" म्हणायचं. आराखड्यात काय आहे ते मी त्यांच्या मांडीवरच्या कागदात डोकावून वाचलं. बंदिस्त गटार, पेव्हर ब्लॉक, बंदिस्त गटार, पेव्हर ब्लॉक. आम्ही बसलो होतो त्या देवळापुढं पेव्हर ब्लॉक आधीच आहेत.

हेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन दारात. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसला, अंगठा पुढं केला. "कशाचं रं?" "ग्रामसभेचं, आजी." "कधी हाय?" "झाली की काल." सासूबाईंनी अंगठा दिला आणि परत खडे वेचायला लागल्या. सुपातल्या दोन-चार दाण्यांना निळी शाई लागली, ते त्यांनी चिमण्यांना टाकले. संध्याकाळपर्यंत एकोणीसचे एकशे बारा झाले होते.

शिपायाला बोलून उपयोग नाही, त्याला सांगितलं तेवढं तो करतो. पण माझी सासू, जिनं निवडणुकीत मला मत द्यायला दोघांच्या आधारानं शाळेपर्यंत चालत जायचा हट्ट केला, तिला सभा कधी असते हे ठाऊक नाही.

तर विचारायचं हे, की माणसं आणायची कशी? मला नुसते बाप्ये नकोत, घरंच्या घरं आली पाहिजेत. दवंडी झाली, ग्रुपवर मेसेज टाकून झाला, स्पीकरची रिक्षा फिरवून झाली. कुणी म्हणतं चहा-वडापाव ठेवा. खाऊन जातील की! तुमच्या गावात खरंच काय चाललं ते सांगा. प्रवचन नको, ते आमच्या देवळात दर एकादशीला असतं.

---

पारावरचा_अण्णा

ताई, नाद सोडा. आमच्या गावात कोण सभेला येतं सांगू? ज्याचं बिल अडकलंय तो, आणि ज्याला ते अडकवायचंय तो. बाकीच्यांना पाच वर्षांतनं एकदा पाकीट मिळतं, तेवढ्यात सगळे खूश.

---

निवृत्त_भाऊसाहेब

ताई, मी ३३ वर्षं तीच रजिस्टरं लिहिली. तुमच्या सासूबाईंसारखे अंगठे मीही घेतलेत, तेव्हा आधी कबुली, मग सल्ला.

पहिलं आकड्याचं. गणपूर्ती म्हणजे सभेला कमीत कमी लागणारी माणसं: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. तुमचे १५ टक्के होतात २०७, म्हणून तुम्हाला १०० पुरेत. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब करायची. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! विषय तेवढे पत्रिकेवरचेच घ्यायचे, नवीन घुसवता येत नाही. मग घरोघर अंगठे कशाला? दोनदा सतरंजी अंथरायचा कंटाळा. वर १०० चा आकडा गेला की तालुक्याहून फोन येत नाही. एवढ्यासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खोटं लिहिलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुम्ही माणसं गोळा करायला निघालाय. आधी विषय आणा. माझ्या नोकरीत मी तीनदा भरलेली सभा पाहिली. एकदा गावठाणातल्या अतिक्रमणाची, एकदा घरकुलाच्या यादीची, आणि एकदा दारूचं दुकान बंद करायचा ठराव होता तेव्हा. त्या दिवशी बायका कडेवर पोरं घेऊन दोन तास उभ्या होत्या. कुणीही रिक्षा फिरवली नव्हती. "सन अमुकचा आराखडा मंजूर करणे" या विषयाला मीसुद्धा गेलो नसतो, पगार होता म्हणून गेलो.

तुमचा विषय तुम्हीच लिहून ठेवलाय, फक्त तुमच्या लक्षात आला नाही. चौथ्या दिवशी पाऊण तास पाणी. हा विषय पत्रिकेवर आणा. नोटीस सभेच्या सात दिवस आधी लागते, त्याच्याही आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगाल तर विषय "आयत्या वेळचे विषय" मध्ये जाईल. आयत्या वेळचे म्हणजे माणसं एक पाय चपलेत घालून उभी असतात ती वेळ.

पत्रिकेवर पहिला विषय कायम असतो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". आम्ही म्हणायचो, "वाचले असे समजावे". तुम्ही समजू नका, वाचायला लावा. मागच्या वेळी ठरलं त्याचं काय झालं हे भर सभेत विचारलं जातंय असं दिसलं, की पुढच्या खेपेला चार माणसं नुसती मजा बघायला येतात. मजा बघायला आलेला माणूस तिसऱ्या सभेला बोलायला लागतो.

पैशाचं एवढंच लक्षात ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या, २०२५-२६ पर्यंतच्या, निधीतले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचे. ४० टक्के अबंधित, तुमचे पेव्हर ब्लॉक यातनं येतात. आराखडा सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवर दिसतो, बघून घ्या. एकदा बघितलात की मांडीवरच्या कागदात डोकवायची गरज नाही.

आणि हो, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. तुमच्याकडं ती झालेली असणार. रजिस्टर मागून बघा, तुमचीच सही सापडेल.

---

बचतगट_कागल

भाऊसाहेब, शेवटची ओळ वाचून हसले आणि मग रडायलाच आलं. खरं आहे ते.

ताई, मी गटाची सीआरपी, म्हणजे बचतगटांना मदत करणारी गावातलीच बाई. आमच्याकडं महिला सभा आधी पंचायतीच्या हॉलमध्ये ठेवायचे, सकाळी अकराला. अकराला कोण बाई मोकळी असत्या? जी मोकळी तिला सासू सोडत न्हाई. मग आम्ही गटाची मासिक बैठक जिथं असते तिथंच घेतली, एकीच्या सोप्यात, दुपारी तीनला. हप्ता भरायला बायका येतातच. हप्ते झाले की वही मिटायची न्हाई, तशीच सभा सुरू करायची. लेखी ठराव करायचा, पाच जणींनी तो ग्रामसभेत घेऊन जायचा आणि पाचही जणींनी उभं राहायचं. एकटी उभी राहिली की "ह्यांच्या घरचं काय हाय ते घरी बघा" म्हणतात. पाच असल्या की न्हाई म्हणत.

विषय बारका घ्या. आम्ही पयल्यांदा सार्वजनिक संडासाच्या आतल्या कडीचा घेतला. बाप्ये हसले. पण सहा दिवसांत कडी लागली. मग बायकांना पटलं की बोललं की होतंय.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणला ठेवावे लागतात, ते किती आणि कुठं गेले तेवढं विचारा. आमच्याकडं तीन वर्षं त्यातनं "प्रशिक्षण" झालं होतं. कुणाला दिलं, कुणालाच ठाऊक न्हाई.

आणि बायकांनी ग्रामसभेत काय होतंय असं कुणी म्हणालं तर त्यास्नी आमच्या जिल्ह्यातलं हेरवाड सांगा. शिरोळ तालुका. नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, ते बंद करायचा ठराव मे २०२२ मध्ये त्यांच्या ग्रामसभेनं केला. त्याच महिन्यात शासनानं बाकीच्या गावांनीही असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. गावानं केलं आणि मुंबईनं मागनं उचललं, हे उलटं पहिल्यांदाच बघितलं मी.

---

कोथरूडकर

आमच्याकडे ग्रामसभाच नाही हो. पुणे महापालिकेत २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवायची सोय आहे. मी फॉर्म भरला होता, कोपऱ्यावरच्या बसथांब्याजवळ सावलीची जागा हवी म्हणून. दोन वर्षांनी तिथं बाक आला. सावली नाही, बाक. उन्हात बसायला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेलासुद्धा कोरम भरत नाही, अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा सुरू करतात. त्यामुळे तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. वाचतोय मात्र.

---

झेडपी_गुरुजी

ताई, "घरंच्या घरं" म्हणालात म्हणून लिहितो. पोरांना धरा.

आम्ही शाळेत बालसभा घेतो. नुसती भाषणं ठेवली तर पोरं "माझा आवडता नेता" पाठ करून येतात, काही उपयोग नाही. सहावी-सातवीच्या पोरांना एकदा ड्रॉइंगचा मोठा कागद दिला आणि सांगितलं, गावातला प्रत्येक विजेचा खांब काढा, दिवा लागतो त्याला पिवळा रंग, लागत नाही त्याला काळा. चार संध्याकाळी पोरं हिंडली. नकाशा वाकडातिकडा, पण एक खांब सुटला नाही. तो त्यांनीच ग्रामसभेत धरला, एका बाजूनं एक, दुसऱ्या बाजूनं एक. आपलं पोर पुढं उभं राहणार म्हटल्यावर आई येते, बाप येतो, आज्जी तर हमखास. आणि दहा वर्षांच्या पोरीला "खाली बस" म्हणायची सरपंचाची हिंमत होत नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचं तुम्ही ऐकलं असेल. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास घरोघर टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. २०२२ मध्ये सुरू केलं. ते गावानं एकत्र बसून ठरवलं म्हणून चाललं. आमच्या शाळांच्या केंद्रात एका गावानं नुसता भोंगा आणला, ठरवलं कुणीच नव्हतं. आता त्यावर लग्नाची गाणी वाजतात.

---

पारावरचा_अण्णा

आता कुणीतरी हिवरेबाजार काढा, मग मेंढा-लेखा काढा, म्हणजे आदर्श गावांची पत्रावळ पूर्ण होईल.

---

निवृत्त_भाऊसाहेब

काढतो की अण्णा, तुम्हीच आठवण दिलीत. गडचिरोलीतल्या मेंढ्याचं नुसतं घोषवाक्य सगळ्यांना पाठ असतं, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". पण तिथं माणसं जमत होती ती जंगलासाठी. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक खुद्द ग्रामसभेच्या हातात आलं. माझा बांबू कुठल्या भावानं जातोय हे ठरणार असेल तर मी ताप असला तरी जाऊन बसेन. गडचिरोलीत बांबू, ताईंच्या गावात पाणी. मला तर फरक दिसत नाही.

---

तीन_नंबर_वॉर्ड

तीन महिन्यांनी लिहितेय, पण तुम्ही एवढं सांगितलंत तर काय झालं ते कळवायलाच हवं.

भाऊसाहेब, महिला सभेचं रजिस्टर बघितलं. मागच्या तीन सभांना माझी सही आहे. त्यातल्या दोन माझ्या हातच्या. तिसरी कुणीतरी माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात केलीय.

पाण्याचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला दिला. पोच मागितली तर "घरातल्यासारखे आहात, पोच काय मागता" म्हणाले. मी म्हटलं, "घरात पण मी किराण्याची चिठ्ठी ठेवते." शिक्का मारून दिला.

महिला सभा ३० एप्रिलला अंगणवाडीत घेतली, दुपारी तीनला, गटाच्या हप्त्यांनंतर. कागलच्या ताई, अगदी तुम्ही सांगितलं तशी. कांद्याची काढणी संपली होती म्हणून ३८ जणी जमल्या. पाण्याची वेळ ठरलेली असावी, आणि अंगणवाडीच्या संडासात नळ घ्यावा, एवढे दोनच ठराव. १० टक्के विचारले. आमच्या पंचायतीचे वर्षाचे जेमतेम २८ हजार होतात. गेल्या वर्षी त्यात सतरंज्या घेतल्या. देवळात अंथरतात त्याच.

१ मेची ग्रामसभा सरपंचांना विनंती करून संध्याकाळी पाचला ठेवली. पाणीवाल्या मामांना आधी गाठलं. म्हटलं, मामा, त्या दिवशी तीन नंबरची पाळी आहे, पाणी सकाळीच सोडा. ते म्हणाले, "हे मला आजपर्यंत कुणी विचारलंच न्हाई." सकाळी साडेसहाला सोडलं. मला वाटतं सगळ्यात जास्त गर्दी त्या एका व्हॉल्वनं आणली.

गुरुजी, खांबांचा नकाशा आमच्या सातवीच्या पोरांनीही केला. खांब ६४, बंद २३. शिवाय त्यांनी आपल्या मनानं गळके नळ निळ्या खडूनं दाखवले, ते नऊ. माझी लेक डावीकडनं कागद धरून उभी होती, हात थरथरत होते, कागद सारखा हलायचा. वाऱ्यानं हलतोय असं दाखवत होती, पण मंडपात वारा नव्हता. यात्रेला आलेले मुंबईकर मागं उभे होते, ते ओरडले, "आमच्या गल्लीतला काळा खांब दाव!" लेकीनं बोट ठेवलं. तिथनं सभा जी तापली ती तापलीच.

किती आले? सासूबाई धरून ७१. बायका ३३. शंभर नाहीत.

सरपंचांनी तहकूब केली. माणसं चिडली, आणि त्यांचं बरोबर होतं. "बोलावता कशाला मग?" एकजण मला तोंडावर म्हणाला, "तुझ्यामुळं झालं हे. गप सह्या घेतल्या असत्या तर आज ठराव झाला असता." त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं, अण्णा म्हणतात तेच खरं.

एक गोष्ट मात्र मी सभेतच केली होती. रजिस्टर माझ्याकडे फिरत आलं तेव्हा लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली, एकाहत्तराव्या नावाखाली रेघ मारली आणि खाली तारीख-वेळ टाकली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२ तारखेला दुपारी शिपाई दारात. हातात तेच रजिस्टर. "वहिनी, ही रेघ कुणी मारली?" मी म्हटलं, मी. तो तसाच उभा राहिला. "मग आता मी घरोघर काय घेऊन जाऊ?" सासूबाई आतनं म्हणाल्या, "आठ तारखेला परत सभा हाय न्हवं? त्याचा कागद घेऊन जा." आणि तो खरंच गेला. तहकूब सभेच्या नोटिशीच्या झेरॉक्स मी काढून दिल्या, ८६.

८ मेला ४६ आले. मुंबईकर परत गेले होते, सरपंचांच्या विरोधी गटातलं कुणी फिरकलं नाही. पण ठराव झाले. पाण्याचं वेळापत्रक पंचायतीच्या फळ्यावर आणि ग्रुपवर आदल्या दिवशी टाकायचं. अंगणवाडीचा नळ. बंद दिवे. देवळामागच्या पेव्हर ब्लॉकचं काम पुढच्या वर्षावर. नवीन पाइपलाइनचं मात्र "योजनेत होईल" म्हणून गुंडाळलं, तिथं माझं काही चाललं नाही. २३ पैकी १४ दिवे लागलेत. लेक रोज नकाशावर एकेक काळा खांब पिवळा करते, आता रंग डागाळलाय.

भाऊसाहेब, एक अडचण आहे. ठरावाची नक्कल मागितली तर "टायपिंग व्हायचंय" असं तीन आठवडे ऐकतेय. अर्ज सरपंचांच्या नावे करू की कसं? आणि दीर म्हणतात, अर्ज ते देतील, मी कशाला हेलपाटे मारू.

---

निवृत्त_भाऊसाहेब

अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावे, सही तुमची. दिरांना पाठवू नका. तिथं त्यांना चहा पाजतील आणि नक्कल राहील. पोच घ्या. पट्टी बरोबर असू द्या.

---

बचतगट_कागल

ताई, तुमच्या सासूबाईंना आमच्या गटाचा नमस्कार सांगा. आणि पुढच्या खेपेला मुंबईकर असतानाच तहकूब सभा बी उरकून घ्या.